पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो वाचायचा तरी कसा?

प्रश्न (रावेर)
केळीच्या पीकविम्याचा अर्ज भरताना अडलेल्या नातेवाइकांना मी फोनवरून मदत करतो. काय अडले ते दाखवा म्हटले की संगणकाच्या पडद्याचा तिरपा फोटो येतो. त्यात ट्यूबलाइटचा उजेड, लाटांसारखे पट्टे आणि कडेला कुणाचा तरी अंगठा दिसतो, पण लाल अक्षरांतली जी ओळ मला वाचायची असते ती नेमकी बाहेर राहिलेली असते. काकांनी तर परवा ते पान छापून त्या कागदाचा फोटो पाठवला. त्यांना न दुखावता सोपी रीत कशी शिकवावी?

प्रतिसाद (चोपडा)
विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबून हवा तेवढा भाग निवडता येतो, हे खरे. मात्र ते चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात जाते आणि पुढे कंट्रोल-व्ही दाबून ते हव्या त्या ठिकाणी चिकटवायचे असते हे ठाऊक नसल्याने माणूस ‘काहीच झाले नाही’ म्हणून तीच बटणे पुन्हा पुन्हा दाबत राहतो. माझ्या आईचे असेच होत असे. तिला विंडोज आणि प्रिंट स्क्रीन एवढेच शिकवले. संपूर्ण पडद्याची फाइल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप जमा होते, ती नंतर सावकाश पाठवता येते.

प्रतिसाद (शहादा)
फोटो काढणाऱ्यांना अडाणी समजू नये, असे मला वाटते. बँकांची अनेक ॲप स्क्रीनशॉट काढूच देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढण्यावाचून गत्यंतर नसते. पडद्यावरील ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातील जाळी एकमेकींवर आल्यामुळे ते पट्टे उमटतात. मोबाइल थोडा मागे घेतला किंवा कोन किंचित बदलला तरी ते बरेच कमी होतात. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवताना त्याचा आकार कमी केला जाऊन बारीक अक्षरे फुटतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. आधार क्रमांक तेवढा आधी झाकून घ्यावा.

प्रश्नकर्ता (रावेर)
आभारी आहे. काकांना चोपड्याची रीत सांगितली. दोन प्रयत्न वाया गेले, कारण त्यांच्या लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनसाठी एफएन बटणही दाबावे लागते. तिसऱ्या वेळी अख्खा पडदा आला. बँकेच्या शाखेची ओळख सांगणाऱ्या आयएफएससी कोडमधले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, तिथे त्यांनी इंग्रजी ओ टाकला होता. छापील कागदाच्या फोटोत तो फरक मला जन्मात दिसला नसता.