धबधबे बंद, गायरानं मोकळी: विधिमंडळाला कोण विचारतं?

रानवाटा
काल सह्यचाहता यांनी लिहिलं की सरकारी जागेवर, पाण्यावर लोकांनी जायचं की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांवर सोडा, आमदार आले की राजकारण होतं. डोकंच फिरलं. महसूल संहिता १९६६, कलम २०: दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसलेले नदी, नाले, तळी राज्याची. राज्याची, साहेबांची नव्हे! कमलनाथ खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयानं सरकारला नद्या-जंगलांसारख्या नैसर्गिक संपत्तीचा विश्वस्त ठरवलं. मग विश्वस्ताकडे हिशोब मागायचा कोणी? दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (आपलं जुनं १४४), धबधब्यांवर दोन महिने बंदी, पुढच्या वर्षी तारीख बदलून तोच कागद. सभागृहाच्या पटलावर ठेवायचं बंधन नाही. विधिमंडळाच्या एखाद्या समितीनं हे आदेश तपासलेच पाहिजेत.

सह्यचाहता
३० जून २०२४, लोणावळ्याच्या भुशी धरणामागचा धबधबा. एकाच घरातले पाच जण वाहून गेले. तेव्हा समितीची बैठक लावायची होती का? आणि भुशी धरण रेल्वेचं आहे, तिथं तुमचं विधिमंडळ काय दिवे लावणार?

रानवाटा
आदेश काढू नका असं कुठं म्हटलंय? काढा, नंतर कारण द्या. पाच वर्षं तीच जागा बंद होत असेल तर कठडा, जीवरक्षक का नाहीत, एवढं विचारायला कोणीतरी हवं की नको?

गढूळपाणी
कठडे कशाला? दारूच्या बाटल्या ठेवायला? आमच्या गावच्या तळ्यावर रविवारी शंभर गाड्या. शेतात गाडी लावतात, बोललं की "सरकारी जागा आहे, तुझ्या बापाची नाही". बंदीचे महिने हीच आमची सुट्टी.

सह्यचाहता
हे घ्या. लोकांना हक्क हवा, कचऱ्याची पिशवी नको.

बुडीतक्षेत्र
पर्यटक पर्यटक काय लावलंय? आमच्या आज्याची जमीन धरणात गेली. आता त्याच पाण्यावर गुरं न्यायची तर फाटकावरचा वॉचमन ओळखपत्र मागतो. आत बोटिंगवाल्याचा ठेका. तो कोणी, कधी दिला, ग्रामपंचायतीलाही माहीत नाही. आणि तुम्ही धबधब्यावर भांडा.

गढूळपाणी
दादा, राग तुमच्यावर नव्हता. पण तुमच्या फाटकातून आत जातात ते आमच्याच बांधावर गाडी लावणारे.

बुडीतक्षेत्र
मग फाटक त्यांना लावा ना. आम्हाला कशाला?

कलमकसाई
सगळे आमदारांकडे आशेनं बघताय म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला २८ जानेवारी २०११ ला: गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. नंतर गायरान दुसऱ्या कामाला वळवू नये म्हणून महसूल संहितेत कलम २२-अ घातलं ते विधिमंडळानंच, आणि सार्वजनिक प्रयोजनाची पळवाट ठेवूनच. ज्यांनी दार उघडं ठेवलं तेच पहारा देणार? त्यापेक्षा गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, जंगलाचा निर्णय ग्रामसभेत होतो.

रानवाटा
तो वनहक्क कायदा २००६ चा, संसदेनं केलेला. ग्रामसभेला आभाळातून अधिकार मिळाले नाहीत.

कलमकसाई
बरं बाबा, संसदेला एक गुण. विधिमंडळाला अजून शून्य.

सह्यचाहता
बोटिंगचा ठेका पटलावर ठेवा, हरकत नाही. सभागृहात लक्षवेधी सूचना लागायची, ती गोंधळात वाहून जायची, मंत्री "तपासून घेऊ" म्हणायचे. तेवढ्यानं समाधान होत असेल तर करा हौस. पावसाळ्यातल्या बंदीला मात्र हात लावू देणार नाही.

बुडीतक्षेत्र
ठेक्याचं मान्य केलंत ना, मग आमदाराला पत्र लिहितोय. खाली सही करा. टोपणनाव चालणार नाही.