नवजात पिल्लांची शी अडते तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

आमच्या कुत्रीचं सिझेरियन झालं, पाच पिल्लं झाली. भूल उतरल्यावर तिनं पिल्लांना जवळ घेतलं, दूध पाजलं, पण चाटलं नाही. आम्ही सगळे दुधावरच लक्ष ठेवून होतो, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान पिल्लू, ठिपकी, सडाला तोंड लावायचं आणि लगेच सोडून रडायचं. पोट हाताला टणक लागत होतं. शेपटीखाली बघितलं तर एकदम कोरडं.

डॉक्टरांनी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळला आणि शेपटीखाली हलक्या हातानं, आई चाटते तसा, फिरवत राहिले. आधी शू झाली. मग मिनिटभरानं काळपट हिरवा चिकट खडा बाहेर आला आणि त्यामागून मोहरीच्या रंगाची मऊ शी. ठिपकी तिथेच झोपून गेली. तेव्हा मला कळलं की जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण शी-शू करताच येत नाही. आईच्या जिभेचा स्पर्श झाला की मगच होतं.

आता दर पाजण्यानंतर पाचही जणांना मीच पुसते. तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. पिल्लू किती दिवसांचं होतं, आईचं दूध होतं की बाटलीचं, आणि नेमकं कशानं मोकळं झालं, एवढं जरूर सांगा. आणि आईनं चाटायला लागावं म्हणून काही करता येतं का?

*

येतं. आमची पहिलटकरीण होती, तीही पिल्लांकडे नुसती बघत बसायची. डॉक्टरांनी तिचंच थोडं दूध पिळून पिल्लांच्या शेपटीखाली लावायला सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं नुसतं हुंगलं. दुसऱ्या दिवशी चाटलं आणि मग थांबेचना. तुमच्या कुत्रीला टाके आहेत, तेव्हा पिल्लू तिच्या तोंडाजवळ तुम्ही धरा, तिला वाकायला लावू नका. आणि ती चाटायला लागली तरी दोन-तीन दिवस तुमचं पुसणं चालू ठेवा.

*

माझ्याकडे आई नसलेली चार पिल्लं आली होती, अंदाजे आठवड्याची. डोळे मिटलेले. पिल्लांसाठीची दूध पावडर आणली, पण पिल्लं इतकी हडकुळी होती की मला वाटलं थोडं घट्ट दूध दिलं तर लवकर अंग धरतील. मापापेक्षा जास्त पावडर घालत गेले. दोन दिवसांत शी कमी होत होत बंद झाली. पुसलं की शू व्हायची, पण गडद पिवळी. शी म्हणजे वाटाण्याएवढे कोरडे खडे, तेही पिल्लू लाल होईतो कुंथल्यावर.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पावडरीच्या मापाचा. घट्ट दूध पचवायला पाणी लागतं आणि ते पिल्लाच्या अंगातूनच ओढलं जातं. एवढ्या लहान पिल्लाच्या कातडीला चिमटा घेऊन पाणी कमी झालंय का ते नीट कळत नाही. हिरड्या ओल्या आहेत की चिकट, आणि शूचा रंग काय, ते बघायचं. शू फिकट हवी. त्यांनी एक-दोन वेळा दुधाऐवजी क्षारांचं पाणी द्यायला लावलं, किती ते वजन करून सांगितलं, आणि पुढे डब्यावरचं माप काटेकोर पाळायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघांचीही शी मऊ झाली.

मला आणखी एका गोष्टीचा मोह झाला होता, घरातलं गाईचं दूध देण्याचा. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, आणि दुधातली साखर मात्र कमी. त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लू उपाशीही राहतं आणि बहुधा पोटही बिघडतं. अडचणीला एखाद्या वेळी द्यावं लागलं तर वेगळं, रोजचं नको.

*

पाजताना पिल्लू पोटावरच ठेवा, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. धाग्याचा विषय नाही हा, पण वरचं वाचून राहवलं नाही.

*

आमच्याकडे शी अडण्याचं कारण थंडी होतं. सहा दिवसांचं पिल्लू रात्री घोळक्यातून बाजूला पडलं. सकाळी सापडलं तेव्हा गार आणि मलूल. घाबरून आधी दूध पाजलं. ते पोटात तसंच राहिलं, पोट फुगलं, कितीही पुसलं तरी काही होईना. पिल्लू गार पडलं की आतडीही थांबतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात अंगाचं तापमान 35 ते 37 अंश सेल्सिअस असतं. 34 च्या खाली गेलेल्या पिल्लाला काहीही पाजू नये असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तासा-दोन तासांत हळूहळू ऊब दिली, घाईनं नाही. अंग गरम झाल्यावर पिल्लू वळवळायला लागलं आणि पुसताच शी झाली. तेव्हापासून पहिला आठवडाभर पिल्लांच्या जागेत 29 ते 32 अंश ठेवतो. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते.

*

हे लिहायला मला जड जातंय, पण कुणाचं तरी पिल्लू वाचेल म्हणून लिहितोय.

नऊ दिवसांचं होतं. दोन दिवस शी नाही. कुणीतरी सांगितलं की पातळ पॅराफिनचे, म्हणजे जुलाबासाठी देतात त्या खनिज तेलाचे, चार थेंब तोंडात सोड, लहान मुलांनाही देतात. मी ड्रॉपरनं सोडले. पिल्लाला ठसकासुद्धा लागला नाही, म्हणून मला वाटलं नीट गेलं. या तेलाला चव नसते, ते घशाला कळतच नाही आणि ठसका न लागता श्वासनलिकेत उतरतं, हे मला नंतर समजलं. रात्री श्वास घरघरायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या हातात गेलं.

शी अडली होती ती फक्त पुसण्यानं सुटली असती. आम्ही एकदाही पुसलं नव्हतं.

तेल, एरंडेल, माणसांचं जुलाबाचं औषध यातलं काहीही घरच्या घरी देऊ नका. माणसांसाठी मिळणारे तयार एनिमे तर अजिबात नकोत. त्यातल्या फॉस्फेटनं एवढासा जीव काही तासांत जाऊ शकतो. एनिमा लागलाच तर डॉक्टर देतील, थेंबांच्या हिशेबानं.

*

वाचून पोटात तुटलं. लिहिलंत म्हणून मी कपाटातली बाटली आत्ताच बाजूला काढली.

*

पुसायच्या आधी एकदा उजेडात शेपटी उचलून बघा. आमच्या एका पिल्लाला गुदद्वाराचं छिद्रच नव्हतं, नुसता फुगवटा. पितंय छान, दोन दिवस काही वाटलं नाही, मग पोट तडतडीत झालं. जन्मजात दोष होता. त्यावर शस्त्रक्रियाच लागते आणि वेळ फार थोडा असतो. जन्मल्या दिवशी तोंडातली टाळू फाटलेली नाही ना ते बघतात, तसं हेही बघून घ्यायचं.

*

आणि केसाळ पिल्लांमध्ये उलटंही होतं. शी होत असते, पण केसांना चिकटून वाळते आणि वरून झाकण बसतं. कोमट पाण्यानं भिजवून मऊ करायचं, ओढायचं नाही. मग केस बारीक कापून टाकायचे.

*

माझी शंका. पिल्लं चार दिवसांची आहेत, आई छान आहे, पण मला एकदाही शी दिसलेली नाही. काळजी करू का?

*

आई चाटतानाच ती खाऊन टाकते, म्हणून दिसत नाही. जागा स्वच्छ असणं हे चांगलंच लक्षण. वजन करा, रोज त्याच वेळी, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर. रोज जन्मवजनाच्या 5 ते 10 टक्के वाढ हवी आणि आठ-दहा दिवसांत वजन साधारण दुप्पट. वजन वाढतंय, पोट भरलेलं पण मऊ आहे, पिऊन झालं की शांत झोपतात, तर शी अडलेली नाही. एखाद्याचं वजन एक दिवस जरी घटलं किंवा ते सतत रडत राहिलं, तर वाट बघू नका.

*

यात एक भर. कुंथणं म्हणजे दर वेळी शी अडणंच असं नाही. आमचं पिल्लू कुंथत होतं म्हणून आम्ही पुसत बसलो. खरं तर त्याला जुलाब होत होते आणि आग होत असल्यामुळे ते जोर करत होतं. कापसावर पाणी किंवा आव दिसली की तो वेगळाच आजार, तडक दाखवायचं. दोन आठवड्यांचं झाल्यावर पोट नगारा झालं तर जंतांचाही विचार करावा. गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात, म्हणून जंताचं पहिलं औषध दोन आठवड्यांनाच देतात.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचे आभार. दुधाचा उपाय केला, आई तिसऱ्या दिवशी चाटायला लागली, मात्र ठिपकीला सोडून. तिला मीच पुसत राहिले, रात्रीसुद्धा गजर लावून. जन्मताना ती 210 ग्रॅमची होती, अकराव्या दिवशी 420 भरली. डोळे बाराव्या दिवशी उघडले.

आज अठरावा दिवस. पहाटे बोळा भिजवून गेले तर ठिपकी अंथरुणात नव्हती. डुगडुगत कागदाच्या टोकाला पोचली होती, मागचे पाय थरथरत होते, आणि तिनं आपली आपण शी केली. मग वळून आईकडे गेली. आईनं तिला चाटलं.