शब्दचर्चा : ‘ऐकू येणं’, ‘ऐकणं’ आणि ऑडिटरी ट्रेनिंग

प्रश्न : वयोमानानुसार कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकात ‘ऑडिटरी ट्रेनिंग’ला (ऐकलेलं ओळखण्याचा नेमाने केलेला सराव) ‘श्रवण प्रशिक्षण’ आणि ‘ब्रेन प्लॅस्टिसिटी’ला (अनुभवानुसार बदलत जाण्याची मेंदूची क्षमता) ‘मेंदूची लवचिकता’ चालेल का?

प्रतिसाद १ : ‘लवचिकता’ नको. लवचीक वस्तू वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते, ती इलॅस्टिसिटी. ‘प्लॅस्टिक’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक धातूचा अर्थ ‘घडवणे’. ओल्या मातीत अंगठा दाबला की ठसा राहतो, तसं हे. म्हणून ‘घडणक्षमता’. शिवाय ‘लवचिकता’ म्हटलं की सगळं चांगलंच होणार असं वाटतं. कानाकडून येणारी माहिती रोडावली, तर मेंदूतला ऐकण्याचा भाग काही प्रमाणात डोळ्यांच्या कामाला जुंपला जातो. ही घडणच आहे, पण ऐकण्याच्या सोयीची नाही.

प्रतिसाद २ : वर्तमानपत्रांत ‘लवचिकता’ रुळलाय, वाचक अडणार नाही. माझा आक्षेप ‘प्रशिक्षण’वर आहे. त्यात कुणीतरी शिकवणारा आणि शेवटी प्रमाणपत्र दिसतं. इथे घरी रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे बसायचं असतं. ‘श्रवणसराव’ म्हणा.

प्रतिसाद ३ : गाण्यातलं ‘कान तयार करणे’ का नको?

प्रतिसाद ४ : ऐकायला गोड, पण कान तयार होत नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तयार होतो तो मेंदू. आणि हा भेद मराठीच्या व्याकरणातच आहे. ‘मला ऐकू येतं’ यात मी काहीच करत नाही, आवाज येऊन पडतो. ‘मी ऐकतो’ यात कर्ता मी. श्रवणयंत्र पहिल्याची सोय करतं, सराव दुसऱ्याची. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार नेमकी या दोहोंच्या मधली. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले अ, आ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे टिकतात. स, श, फ, थ ही व्यंजनं पुसट होतात.

सरावासाठी एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्याही म्हणून मराठीच हव्यात, इंग्रजी याद्या उतरवून उपयोग नाही : पारा–तारा–सारा, साल–शाल, खाट–काट. बोलणाऱ्याने तोंडापुढे कागद धरावा, म्हणजे ओठ दिसत नाहीत. हात तोंडावर दाबला तर आवाजच गढूळ होतो. नेहमीच्या आवाजात, मीटरभर अंतरावरून, क्रम बदलत वीस शब्द. सोळा बरोबर आले की पंखा किंवा रेडिओ मंद लावून तेच पुन्हा. दहाच्या खाली आले तर पायरी अवघड झाली, मागे या. सरावलेल्या शब्दांत सुधारणा लवकर दिसते, रोजच्या गलक्यात ती तेवढी उतरत नाही. पत्रकात हे लिहाच.

प्रतिसाद २ : सरावाच्या पायऱ्यांसाठी चार शब्द लागतील. आवाज आहे का नाही, दोन आवाज वेगळे आहेत का, कोणता शब्द होता, आणि बोलण्याचा अर्थ काय. ‘चाहूल, फरक, ओळख, आकलन’?

प्रतिसाद १ : ‘चाहूल’मध्ये कुणीतरी येतंय असा अर्थ डोकावतो. पहिली पायरी ‘जाणीव’. बाकी तिन्ही ठीक.

प्रतिसाद ४ : कमी ऐकू येण्याला ‘वार्धक्यजन्य’ हे विशेषण सरसकट लावू नका. वयाने होणारा ऱ्हास दोन्ही कानांत, हळूहळू, वर्षानुवर्षं होतो. एकाच कानाचं ऐकू येणं एका दिवसात गेलं तर ते वय नव्हे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा, सराव करत बसायचं नाही.

प्रतिसाद ३ : आणि घरच्यांसाठी ‘मोठ्याने बोला’ ही ओळ?

प्रतिसाद ४ : खोडा. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं आणखी दबतात. त्यातच या ऱ्हासात हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम कानठळ्या बसतात. मग ‘ओरडू नकोस’ म्हणून वाद. ‘समोर येऊन, सावकाश बोला’ एवढं पुरे.