आईच्या जुन्या लॅपटॉपवर कीर्तन अडकतं, कुठलं प्लगइन टाकू?

सांगलीकर:
माझा २०१२ चा लॅपटॉप (तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम) लिनक्स मिंट टाकून आईला दिलाय. तिन्हीसांजेला दिवा लावला की ती यूट्यूबवर कीर्तन लावते. दहा मिनिटांत पंखा घोंघावायला लागतो, चित्र अडकतं, टाळांचा आवाज पुढे आणि बुवांचे हात मागे. पूर्वी फ्लॅशचं प्लगइन टाकून भागायचं, ते २०२० अखेर संपलं. आता दुसरं कुठलं आहे का? नवीन लॅपटॉप तिला नकोय. या कीबोर्डवर तिचा हात बसलाय.

टर्मिनलप्रेमी:
प्लगइन नकोच, दादा. दुखणं कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचं आहे. ब्राउझरला व्हिडिओ बहुतेक वेळा व्हीपी९ या कोडेकमध्ये येतो. तुमच्या चिपमध्ये व्हीपी९ उलगडायची सोय नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ हा जुना कोडेक मात्र ती सहज पेलते.
एमपीव्ही प्लेअर आणि वायटी-डीएलपी (यूट्यूबवरचे व्हिडिओ मिळवून देणारा छोटा प्रोग्रॅम) टाका. एमपीव्हीला लिंक दिली की तो वायटी-डीएलपीकडून व्हिडिओचा खरा पत्ता मागून घेतो, ब्राउझर उघडायलाच नको. एमपीव्हीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'वायटीडीएल-फॉरमॅट'ला ७२०पी पर्यंतचं एच.२६४ सांगा (यादीत ते 'एव्हीसी१' म्हणून दिसतं) आणि 'एचडब्ल्यूडेक' (चिपकडून व्हिडिओ उलगडून घ्यायची सेटिंग) 'ऑटो-सेफ'वर ठेवा.

कोथरूडची ताई:
वायटी-डीएलपी मिंटच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) घेऊ नका. तिथली आवृत्ती जुनी असते आणि साइटने काही बदललं की बंद पडते. पिपएक्सने (पायथनचे प्रोग्रॅम टाकायचं साधन) टाका, अधूनमधून अपग्रेड करत राहा. आणि आईंना शिफ्ट+क्यू दाबून बंद करायला शिकवा. पुढच्या वेळी कीर्तन तिथूनच सुरू होतं.

सांगलीकर:
झालं! पहिल्यांदा भार कमीच होईना. चिपमधली व्हिडिओ उलगडायची सोय वापरू देणारा इंटेलचा जुना आय९६५ व्हीए ड्रायव्हर टाकायचा राहिला होता. तो टाकल्यावर टर्मिनलमध्ये 'यूझिंग हार्डवेअर डीकोडिंग' ही ओळ आली, तेव्हा जीव भांड्यात पडला. आईच्या नेहमीच्या चार कीर्तनांचे आयकॉन डेस्कटॉपवर करून दिलेत. काल दीड तास सलग ऐकलं तिने, पंखा शांत. मध्येच म्हणाली, "अरे, चिपळ्या किती स्वच्छ ऐकू येतात!" फक्त शिफ्ट+क्यू तिच्या लक्षात राहत नाही, ती फुलीवरच क्लिक करते.

कोथरूडची ताई:
मग कॉन्फिगमध्ये 'सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट' ही एक ओळ घाला. फुलीवर क्लिक केलं तरी जागा लक्षात राहते.