मदत हवी आहे: व्हीआर हेडसेटमध्ये मराठी मजकूर वाचता येतो का?

गेमसाठी हेडसेट झकास, वाद नाही. पण मॉनिटरऐवजी लावला की मराठी मजकूर फिसकटतो. ‘किं’वरचा अनुस्वार वेलांटीतच मिसळतो. माझ्या हेडसेटला नजरेच्या एका अंशात (कोनाच्या) साधारण 25 पिक्सेल मिळतात, चांगल्या नजरेला 60 लागतात.

आयपीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) मोजून 64 मिमी ठेवला, लेन्स पुसल्या, चष्म्याचा स्पेसर लावला. पीसी लॅन केबलने राउटरला, तिथून हेडसेटला वाय-फाय 5 गिगाहर्ट्झ. यूएसबी केबलनेही तेच, म्हणजे वाय-फायचा दोष नाही. फॉन्ट वाढवला तर वाचता येतं, पण मग पानावर मावतं काय?

चष्मा -2.5. कूलरच्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते ते वेगळंच.

35 पिक्सेलवाल्या हेडसेटवर 14 पॉइंटचं देवनागरी सलग दोन तास कोणी वाचलंय का? आणि नागपुरात विकत घेण्याआधी लावून कुठे बघता येईल?