किराण्यावरून घरातल्या कॅलरी काढताना

महिन्याच्या किराण्याच्या कॅलरी काढून माणशी भागायच्या, ही नेहमीची पद्धत सुरुवातीला ठीक, पण तेवढ्यावर थांबलात तर आकडा हमखास चुकेल. बिलाबाहेरचं आधी धरा: रेशनचं धान्य, शेतातली ज्वारी, घरचं दूध. विकत आणलेलं नव्हे, महिन्यात संपलेलं मोजा. तेल लिटरमध्ये सांगतात, तक्ते मात्र वजनाचे असतात. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८,२०० किलोकॅलरी. लिटर म्हणजे किलो समजून ९,००० धरू नका. शेंगांचं टरफल, केळ्याची साल वजा करा.

सगळ्यात जास्त घोळ जेवणांचा. राष्ट्रीय नमुना पाहणीची (सरकारची देशभरातल्या घरांची पाहणी) दुरुस्ती मला सर्वांत पटते: घरच्यांनी घरी घेतलेली जेवणं अधिक बाहेर फुकट मिळालेली (शाळेतला पोषण आहार), भागिले घरी घेतलेली अधिक पाहुणे-मजुरांना वाढलेली. समजा पाच माणसं, घरी २८०, शाळेत २०, पाहुण्यांना ४०. ३००/३२०, म्हणजे ०.९३७५. महिन्याच्या एकूण ३,००,००० किलोकॅलरी असतील तर याने गुणून २,८१,२५० उरतात. दिवसाला ९,३७५, माणशी १,८७५.

हे १,८७५ पाहून लगेच ‘उपासमार’ म्हणू नका. लहान मुलाची गरज मोठ्या पुरुषाएवढी नसते. म्हणून त्या पाहणीत प्रत्येकाला गरजेच्या प्रमाणात एककं देतात: २० ते ३९ वयाचा पुरुष १ एकक, त्याच वयाची स्त्री ०.७१. घराची एककं ४ भरली तर एककी २,३४४ येतात. घरात कुणाच्या ताटात किती पडलं, हे यातून मुळीच कळत नाही. त्यासाठी २४ तासांच्या आहाराची माणसागणिक विचारपूस करावी लागते.