मदत हवी आहे : गिटार आणि जुनी मोटार एकाच गॅरेजमध्ये कशी नांदवावी?

नमस्कार,

गेली नऊ वर्षे मी पोलादी तारांच्या ॲकूस्टिक गिटारी हाताने बनवतो आहे. वर्षाकाठी चार, फार तर पाच गिटारी पूर्ण होतात आणि त्या सगळ्या आधीच मागणी नोंदवलेल्यांसाठी असतात. त्याच गॅरेजमध्ये, कामाच्या टेबलापासून हातभर अंतरावर, १९६०च्या दशकातील एक फोक्सवॅगन बीटल उभी असते आणि तिचे सगळे काम मी स्वतःच करतो. गॅरेज सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. आजवर ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नव्हती, किंवा येत असली तरी माझ्या ध्यानात येत नव्हती. गेल्या दोन महिन्यांत मात्र लॅकर (चकाकीचा लेप) चढत असलेली एक गिटार आणि ब्रेस (आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) लावलेला एक टॉप (गिटारची पुढची पातळ फळी) असे दोन्ही बिघडले, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो आहे.

आधी माझ्या वेळापत्रकाविषयी सांगायला हवे, कारण सगळ्या घोळाचे मूळ तिथेच असावे असा मला संशय आहे. गिटारच्या कामात हातापेक्षा वाट पाहणेच जास्त असते. वाकवलेल्या बाजू साच्यात रात्रभर थंड होऊ द्याव्या लागतात, सरस वाळू द्यावा लागतो, आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरचा शेवटचा हात दिल्यावर घासून चकाकी आणण्यापूर्वी मी गिटार तीन ते चार आठवडे टांगून ठेवतो. वरून कोरडे वाटले तरी आतले द्रावक हळूहळू उडतच असते आणि घाई केली, तर काही महिन्यांनी लाकडाच्या रेषा लॅकरमधून वर उठून दिसू लागतात. हे रिकामे दिवस मी गाडीला देत असे. गिटार वर टांगलेली आणि मी खाली इंजिनापाशी, ही वाटणी मला इतकी सोयीची वाटत होती की, गिटारला कशाचीही बाधा सर्वांत लवकर होते ती नेमकी याच दिवसांत, हे कधी मनात आले नाही.

पहिला प्रसंग लॅकरचा. चार हात देऊन झाले होते आणि घासण्यापूर्वी मी आठवडाभर थांबलो होतो. त्या आठवड्यात गाडीच्या दारांची रबरे कुरकुरत होती म्हणून त्यांवर सिलिकॉनचा फवारा मारला. नंतर टॉप हलका घासून पाचवा हात दिला, तर लॅकर ओले असतानाच ब्रिजच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) जागेखाली मोहरीएवढी वर्तुळे उमटू लागली. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसे लॅकर त्या ठिपक्यांपासून कडेला सरकत होते आणि मधोमध खालचा थर उघडा पडत होता. रंगकाम करणारे ज्याला फिश-आय म्हणतात ते हेच. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण लॅकरपेक्षा कमी असल्याने असे होते, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मात्र मी तो थर वाळू दिला, पुन्हा घासला आणि पुन्हा फवारले. वर्तुळे दुप्पट झाली.

दुसरा प्रसंग अधिक जिव्हारी लागला, कारण त्यात फवारा नव्हता की तेल नव्हते. होते फक्त पाणी. भर पावसातून गाडी आणून मी नेहमीप्रमाणे आत लावली आणि दार ओढून घेतले. संध्याकाळी ४६ टक्के आर्द्रता दाखवणारा मापक सकाळी ६८ दाखवत होता. नंतर मी हिशेब केला, तेव्हा त्याचे नवल वाटेनासे झाले. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅमच बाष्प धरू शकते. म्हणजे माझ्या ४५ घनमीटरांच्या गॅरेजमधील सगळ्या हवेत, निम्मी आर्द्रता असताना, जेमतेम अर्धा लिटर पाणी असते. गाडीच्या पायपुसण्यांत आणि चाकांच्या कमानींत त्याहून कितीतरी अधिक पाणी सहज असते. त्या सकाळी मापकाकडे न पाहता मी स्प्रूस लाकडाच्या टॉपला ब्रेस चिकटवले. आर्द्रता ४५ वरून ७० टक्क्यांवर गेली आणि लाकूड तिथे स्थिरावले, तर चारशे मिलिमीटर रुंदीचा टॉप रेषांच्या आडव्या दिशेने दोन मिलिमीटरांहून अधिक फुगू शकतो. ब्रेसच्या रेषा लांबीच्या दिशेने असल्यामुळे ते मात्र जवळजवळ तसेच राहतात. तीन दिवस कोरडे गेल्यावर, म्हणजे फुगलेला टॉप आकसल्यावर, मी टॉपवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. टॉपला घुमटासारखा हलका बाक द्यायचा असल्याने पट्टीच्या दोन्ही टोकांखाली उजेड दिसायला हवा होता. तो मधोमध दिसला.

बारीकसारीक गोष्टी आणखीही आहेत. गंज काढताना ग्राइंडरने उडालेली लोखंडाची पूड महोगनी लाकडाच्या नेकवर (गिटारच्या मानेवर) बसली आणि दमट हवेत तिथे निळसर काळे ठिपके पडले. एका चुकीचे तर मला अजूनही हसू येते. बीटलच्या थंड इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवायची असते आणि गिटारच्या नेकचा बाक मी ०.२ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतो, त्यामुळे दोन्हींसाठी मी वर्षानुवर्षे एकच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा संच) वापरत आलो. एका ग्राहकाच्या गिटारच्या सहाव्या आणि सातव्या फ्रेटमधील (धातूच्या आडव्या पट्ट्यांमधील) फिंगरबोर्डवर इंजिन ऑइलची नाजूक रेघ सापडेपर्यंत त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नव्हते.

गाडी विकून टाक, असा सल्ला घरून मिळालाच आहे, त्यामुळे तो कृपया पुन्हा देऊ नये. ही दोन वेडे एकमेकांना परकीही नाहीत. मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेल्या पॉल बिग्सबी यांनी १९४८ साली गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिससाठी इलेक्ट्रिक गिटार बनवली, गिब्सन कंपनीची १९६३ची फायरबर्ड गिटार मोटारींचे आरेखक रे डायट्रिक यांनी रेखाटली, आणि फेंडरच्या गिटारींवरचे कितीतरी रंग मुळात मोटारींसाठी बनलेले होते. तेव्हा मला सोडायचे काहीच नाही, फक्त मांडणी बदलायची आहे.

मला विचारायचे आहे ते असे. फिश-आय पडलेला टॉप लाकडापर्यंत न खरवडता वाचवता येईल का? एवढ्या लहान गॅरेजमध्ये मधोमध प्लॅस्टिकचा जाड पडदा लावल्याने काही साधेल, की ती केवळ मनाची समजूत ठरेल? आणि ज्यांच्याकडे एकाच छपराखाली लाकडाचे आणि इंजिनाचे काम चालते, ते आठवड्याची विभागणी कशी करतात? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी मोटारींचे रंगकाम करतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते बोलतो. घासणे ताबडतोब थांबवा. कागद सिलिकॉन काढत नाही, तो ते पसरवतो आणि ओरखड्यांत दाबून बसवतो. नॅफ्थ्यात (पेट्रोलियमपासूनच्या द्रावकात) भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि प्रत्येक वेळी दोन्ही फडकी बदला. त्यानंतर मेण काढलेल्या शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन-तीन अगदी पातळ, धुक्यासारखे हात फवारा. ओला जाड थर देऊ नका. शेलॅक सिलिकॉनला बहुधा खाली गाडून टाकते आणि त्यावर लॅकर नीट बसते. फिश-आय घालवण्यासाठी लॅकरमध्ये मिसळायचे द्रव्य मिळते, त्याच्या नादी लागू नका. ते स्वतःच सिलिकॉन असते, आणि एकदा वापरले की तुमची स्प्रे गनही त्याच पंथाला लागते.

पडदा ग्राइंडरची पूड काही प्रमाणात अडवेल, फवाऱ्याचे धुके अडवणार नाही. सिलिकॉनचा डबा गॅरेजमधून कायमचा बाहेर काढा. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायची द्रव्येही त्यात धरा, कारण त्यांतल्या पुष्कळांत तेच असते. दारांच्या रबरांना ग्लिसरीन पुरते. कॉम्प्रेसर दोन्ही कामांना एकच असेल, तर स्वच्छ आरशावर मिनिटभर हवा सोडून पाहा. तेलाचा ओशटपणा दिसला, तर निम्मा दोष गाडीचा नव्हेच.

प्रतिसाद २

मीही गिटारी बनवतो आणि माझ्याकडेही स्वतंत्र खोली नाही. सगळ्या गॅरेजची हवा ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आणि त्याऐवजी प्लायवूडचे एक घट्ट बंद होणारे कपाट बनवले. टॉप, बॅक, ब्रेसच्या पट्ट्या आणि अर्धवट जोडलेले सगळे भाग त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास राहतात व केवळ कामापुरते बाहेर येतात. ब्रेस चिकटवायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही आणि तेवढ्या वेळात लाकूड फारसे हलत नाही. तुमचा मापकही तपासून घ्या. डबीत ओलसर मीठ आणि शेजारी मापक असे हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवले, तर त्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ६८ दाखवत होता आणि मी दोन वर्षे त्याच्यावर विसंबून होतो.

महोगनीवरचे ठिपके लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाचे आहेत. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने जातात, मात्र ते विषारी असल्याने हातमोजे घाला, नंतर लाकूड पाण्याने नीट पुसून घ्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिशपेपर लावू नका.

प्रतिसाद ३

एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहितो. पेट्रोलची आणि लॅकरच्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि कॉम्प्रेसरचा स्विच बहुधा तिथेच असतो. कार्बोरेटर उघडलेला असताना फवारणी करू नका आणि फवारताना ठिणगी टाकणारे काहीही चालू ठेवू नका. दार बंद असताना इंजिन एक मिनिटही चालवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय जवसाच्या किंवा टंगच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली, तर ती आपोआप तापून पेटू शकतात. इंजिन ऑइलची फडकी तशी पेटत नाहीत आणि म्हणूनच दोन्ही कामे करणारा माणूस सवयीने सगळी एकाच डब्यात टाकतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. आरशाची परीक्षा कालच केली आणि आरसा ओशट झाला, तेव्हा कॉम्प्रेसरला तेल अडवणारी गाळणी बसवून घेतो आहे. नवे फीलर गेजही आणले असून जुन्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला आहे. वेळापत्रक मी उलटे करायचे ठरवले आहे : लॅकर टांगलेले असेल तेव्हा गाडीचे फक्त बाहेर उभे राहून करता येईल तेवढेच काम होईल, आणि ग्राइंडर व ग्रीसची कामे लाकूड कपाटात बंद असतानाच, म्हणजे दोन गिटारींच्या मधल्या काळात. ओली गाडी निथळेपर्यंत बाहेरच राहील.

एक शंका मात्र उरली आहे आणि ती प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांसाठी आहे. बिघडलेला टॉप अजून बाजूंना जोडलेला नाही आणि ब्रेस प्राणिजन्य सरसाने लावलेले आहेत, त्यामुळे ऊब व ओलावा देऊन ते काढता येतील. पण त्या ओलाव्याने टॉप पुन्हा फुगेल. तो कपाटात ठेवून त्याची सर्वांत रुंद भागातील रुंदी मी रोज कॅलिपरने मोजणार आहे. ती सलग किती दिवस तेवढीच राहिली म्हणजे नवे ब्रेस चिकटवायला हरकत नाही?